मदत हवी आहे: कोचच्या फ्लेक्सवर मजकूर काय टाकू? उद्या दुपारपर्यंत द्यायचाय

रंकाळ्याचा_वारा | २० नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१२
मंडळी, तातडीची मदत पाहिजे. फ्लेक्सवाला उद्या दुपारी मशीन लावणार, त्याआधी मजकूर हातात हवा. विषय तुम्हाला माहीत आहेच. निम्मी पोरं म्हणतात ‘हटवा’, निम्मी म्हणतात ‘वेळ द्या’. मंगळवारी रात्रीपासून तालमीत नुसता कालवा चाललाय, काल तर कॅरमबोर्ड उलटला. दोन ओळी, फार तर तीन. झणझणीत पाहिजे, पण कुणी तक्रार करून उतरवायला लावेल असं नको. उगाच फाटे फोडू नका, लगेच सांगा.

नळस्टॉप_नाना | ९:१९
गंभीरबद्दल म्हणताय ना? ईडनवर १२४ करायचे होते आणि ९३ मध्ये गुंडाळले गेले. ‘खड्डा खणी त्याला पीच पडे’ असं टाका. वर त्याचा फोटो.

रंकाळ्याचा_वारा | ९:२२
नाना, क्रिकेट कुठून काढलं? कोल्हापुरात कोच म्हटलं की फुटबॉलच, आमची तालीम म्हणजे फुटबॉलचाच संघ. भारताचा कोच. ढाक्याची मॅच, मंगळवारी बांगलादेशाकडून हरलो ती.

शिट्टी_फुंकणारी | ९:२६
पुरुषांचा की महिलांचा? मुद्दाम विचारते. जुलैमध्ये चियांग माईत थायलंडला २-१ हरवून आपल्या मुली आशिया चषकाला पात्र ठरल्या. पात्रता फेरी खेळून पहिल्यांदाच. तेव्हा तुमच्या तालमीने किती फ्लेक्स लावले होते?

रंकाळ्याचा_वारा | ९:२९
ताई, पुरुषांचा. खालिद जमील. तेव्हा लावायला पाहिजे होता, मान्य. पण आत्ताचं बघा की.

दादर_टीटी | ९:३८
हटवा म्हणणाऱ्या तुमच्या पोरांना आधी एक विचारा: हा माणूस येऊन दिवस किती झाले? १ ऑगस्टला नेमणूक. चार महिनेसुद्धा नाहीत. मी खालिदला मुंबईत कूपरेज मैदानावर मुंबई एफसीच्या बाकावर उभा असलेला बघितलाय. पैसा नाही, नावाजलेले खेळाडू नाहीत, आणि दरवर्षी संघ कसाबसा आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमध्ये, टिकायचा. नंतर मिझोरामच्या ऐझॉल क्लबाला घेऊन २०१६-१७ ची आय-लीग जिंकला. त्या ऐझॉलकडे काय होतं? तुमच्या तालमीकडे असेल तेवढंच.

भारताकडून त्याची पहिलीच मॅच ताजिकिस्तानशी, त्यांच्या घरात, २-१ ने जिंकली. त्याच स्पर्धेत ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे आलो. आणि हे मोहन बागानचे खेळाडू नसताना, कारण स्पर्धा पूर्णपणे फिफाच्या विंडोत, म्हणजे क्लबांना खेळाडू सोडावेच लागतात त्या दिवसांत, नव्हती, क्लबाने सोडले नाहीत. तेव्हा सगळे नाचत होते. मजकूर घ्या: ‘खालिदभाई, आम्ही आहोत.’

फातोर्डाकर | ९:५१
दादरकर, ताजिकिस्तान पुरे आता. मी १४ ऑक्टोबरला गोव्यात फातोर्ड्याला सिंगापूरच्या मॅचला स्टँडमध्ये होतो. आपल्या छांगतेने लांबून जो गोल मारला त्यावर शेजारच्या अनोळखी माणसाने मला उचललं होतं. त्यानंतर काय? आम्ही मागे मागे सरत गेलो. हाफटाइमच्या तोंडावर बरोबरी, दुसऱ्या हाफात दुसरा गोल, दोन्ही त्यांच्या एकट्या सोंग उइ-यंगचे. १-२. घरच्या मैदानावर हरून आशिया चषकातून बाहेर. शेवटची वीस मिनिटं नुसते लांब बॉल वर टाकणं चाललं होतं. घरी येऊन मी जेवलो नाही, बायको म्हणाली मासे तळलेत, तरीही.

तेच मैदान, आठवडाभराने रोनाल्डोचा क्लब अल नासर आला. रोनाल्डो आला नाही ते सोडा, पण एफसी गोवा १-२ हरूनही काय खेळलं! आमच्या ब्रायसनने गोल मारला. म्हणजे पोरं खेळू शकतात, खेळवणारा पाहिजे.

दादर_टीटी | ९:५५
‘खेळवणारा’ म्हणजे खालिदच्या आधीचे कोच, तुमचे मानोलो का? आठ मॅच, एक विजय, तोही मालदीववर. आणि पहिलं वर्षभर अर्धं लक्ष तुमच्या एफसी गोव्यात, तिथलेही कोच तेच.

फातोर्डाकर | १०:०२
दोन नोकऱ्या एकाच माणसाला दिल्या कुणी? त्याने मागितल्या होत्या का? हाँगकाँगला इंज्युरी टाइममध्ये आपल्याविरुद्ध पेनल्टी गेली, त्यात त्याची काय चूक.

रंकाळ्याचा_वारा | १०:०५
मानोलो गेला जुलैमध्ये. मला मजकूर पाहिजे.

ओल्ड_इज_गोल्ड | १०:११
तरुण मित्रांनो, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकात भारत चौथा आला होता. नेव्हिल डिसूझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली, ४-२. मुंबईत खेळणारा माणूस! १९५१ आणि १९६२ ला एशियाड सुवर्ण. प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे शिक्षक. भारतीयच. आणि १९५० च्या विश्वचषकाला आपण गेलो नाही कारण फिफाने अनवाणी खेळायला मनाई केली होती.

शिट्टी_फुंकणारी | १०:१५
काका, अनवाणीची गोष्ट इतकी सरळ नाही हो. १९४८ ला लंडनला बरेच जण अनवाणी खेळले हे खरं. पण ब्राझीलला न जाण्यात लांबचा बोटीचा प्रवास आणि ‘ऑलिंपिक मोठं, विश्वचषक काय’ ही फेडरेशनची समजूत यांचाही मोठा वाटा होता. दर वेळी बूट का पुढे येतात?

ओल्ड_इज_गोल्ड | १०:१८
आमच्या वडिलांनी सांगितलं होतं.

शिट्टी_फुंकणारी | १०:१९
मग झालंच.

सिंगापुरी_भाकरी | १०:२७
मी इथे सिंगापुरात असतो, ९ ऑक्टोबरची भारताची इथली मॅच स्टेडियमवर जाऊन बघितली. आपला झिंगन दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच दुसरं पिवळं घेऊन बाहेर, आपण दहा जण, आणि ९० व्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी केली. ऑफिसात दुसऱ्या दिवशी छाती काढून फिरलो. पाच दिवस टिकली ती छाती.

एक गोष्ट कुणी बोलत नाही. सिंगापूरचा कोच गॅव्हिन ली, पस्तिशीतला, इथलाच, आणि तोही हंगामी म्हणून बसवलेला. मंगळवारी ढाक्यात आपण हरत होतो त्याच संध्याकाळी त्याने हाँगकाँगला त्यांच्या घरात २-१ हरवून आशिया चषकाचं तिकीट काढलं. म्हणजे ‘परदेशी की देशी’ हा वाद फुकाचा आहे. फक्त त्याच्या पोरांना खेळायला लीग चालू आहे.

कॉन्स्टंटाइन_फॅन_क्लब | १०:३३
या वेळी कोचपदासाठी अंतिम तिघांत आपला जुना कोच स्टीफन कॉन्स्टंटाइन होता. घेतला नाही. २०१९ च्या आशिया चषकात थायलंडला ४-१ कुणी हरवलं? फ्लेक्सवर त्याचा फोटो लावा, खाली ‘परत बोलवा’.

नळस्टॉप_नाना | १०:३६
मग त्याच्या वेळीच सगळे ‘रटाळ खेळतो, हटवा’ म्हणून का ओरडत होते? मला फुटबॉल कळत नाही पण हे आठवतंय.

कॉन्स्टंटाइन_फॅन_क्लब | १०:३८
नाना, तुम्ही गंभीरकडेच बघा.

पेठेतला_बॅक | १०:४४
वाऱ्या, मी ओळखलं तुला. तालीम पण ओळखली, नाव घेत नाही. तू एक गोष्ट लपवलीस. फ्लेक्स कशाचा आहे ते सांग की लोकांना.

रंकाळ्याचा_वारा | १०:४९
लपवलं नाही, विचारलंच नाही कुणी. हंगामाच्या सरावाचा नारळ आहे रविवारी. दरवर्षी चौकात फ्लेक्स लागतो. विश्वचषकाला मेस्सी-नेमारचे लावतोच की आपण, मग या वर्षी आपल्या देशाच्या टीमचा लावू असं मीच बोललो. तिथंच चुकलं.

पेठेतला_बॅक | १०:५२
आणि साइज? आणि वर्गणी कुणाची?

रंकाळ्याचा_वारा | १०:५४
१० बाय ८. वर्गणी दोन्ही पार्ट्यांची निम्मी निम्मी. म्हणून तर घोळ आहे. एक पार्टी म्हणते खालिदच्या फोटोवर फुली, दुसरी म्हणते फोटोला हार.

शिट्टी_फुंकणारी | १०:५७
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर पावणेदोन तास वाचले असते. आणि जिवंत माणसाच्या फोटोला हार नका घालू, लोक वेगळा अर्थ काढतील.

दक्ष_नागरिक_४११ | ११:०१
महापालिकेची परवानगी घेतली आहे का? फ्लेक्सवर परवानगी क्रमांक आणि मुदत छापावी लागते. खांबाला किंवा झाडाला बांधू नका. चौकात वळणावर असेल तर दुचाकीवाल्यांना समोरचं दिसत नाही. मी स्वतः अशा फ्लेक्सविरुद्ध तीन अर्ज केले आहेत.

रंकाळ्याचा_वारा | ११:०३
साहेब, तालमीच्या स्वतःच्या भिंतीवर आहे.

दक्ष_नागरिक_४११ | ११:०४
तरीही चौकशी करा.

दादर_टीटी | ११:१०
ढाक्यावर बोला ना पण. ०-१. अकराव्या मिनिटाला मोरसालिनचा गोल, आपण कॉर्नरला पुढे गेलेलो की काय असे मागे मोकळे. पुढची ऐंशी मिनिटं बॉल आपल्याकडे, गोल नाही. पण दोन्ही संघ आधीच बाहेर झालेले होते, खालिदने नवी पोरं बघितली, छेत्री नव्हता. मूळ ऑस्ट्रेलियाच्या रायन विल्यम्सला भारतीय पासपोर्ट मिळाला, कॅम्पला आला, पण ऑस्ट्रेलियाकडून कागद न आल्याने बसून राहिला. त्याचे आजोबा मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले, माहिती आहे का?

फातोर्डाकर | ११:१६
बांगलादेशाकडून २००३ नंतर पहिल्यांदा हरलो. ‘नवी पोरं बघितली’ हे त्यावर उत्तर? त्यांच्याकडे इंग्लंडच्या लेस्टर क्लबाचा हमझा आहे, बरोबर, पण एकटा माणूस. फिफा रँकिंग १४२! जुलै २०२३ मध्ये स्टिमॅक कोच असताना ९९ होतो.

दादर_टीटी | ११:२१
त्याच स्टिमॅकला अकरा महिन्यांनी हाकललात. गुवाहाटीत अफगाणिस्तानशी हरलो, दोहात कतारचा तो रेषेबाहेर गेलेल्या बॉलवरचा गोल दिला गेला, आणि कोच गेला. भरपाई चार लाख डॉलर. त्यानंतर मानोलो, वर्षात गेला. आता खालिद, चार महिन्यांत घालवायचा. दोन वर्षांत तिसरा. प्रत्येक जण नवीन बचावफळी घेऊन येतो आणि आपला राहुल भेके तेवढा सगळ्यांना पुरतो.

फातोर्डाकर | ११:२५
भेके चांगला आहे. त्याच्याबद्दल मी काही बोललो नाही.

सिंगापुरी_भाकरी | ११:३१
फातोर्डाकर, तुमचा राग मला पटतो, मीही हरलेल्या ऑफिसात बसतो. पण एप्रिलमध्ये आयएसएलची, म्हणजे आपल्या वरच्या लीगची, फायनल झाली, त्यानंतर लीगची एक मॅच नाही. लीग चालवायच्या हक्कांच्या निविदेला ७ नोव्हेंबरपर्यंत एकही बोली आली नाही. काही क्लबांनी सराव बंद केलाय. शेवटच्या वीस मिनिटांत आपले पाय जड झाले असं तुम्हीच म्हणता, मग ते पाय कुठे पळून हलके होणार होते? ड्युरंड आणि सुपर कपच्या चार मॅचवर?

फातोर्डाकर | ११:३८
पाय जड झाले असं मी म्हटलं नाही, लांब बॉल म्हटलं.
पण हो. जड झाले होते. सुरेश, छांगते, सगळ्यांचे. वरून दिसत होतं.

पेठेतला_बॅक | ११:४४
वाऱ्या, हे वाच आणि मुकाट्यानं एक कर. आपल्याकडं शाहू स्टेडियमवर एक वर्ष लीग झाली नाही तर काय होतं आठव. कोरोनात झालं होतं. पोरं रिक्षा चालवायला लागली, दोघांनी बूट विकले, आणि परत सुरू झाल्यावर पहिल्या मॅचला हाफटाइमलाच धापा. तेव्हा आपण आपल्या कोचला शिव्या घातल्या होत्या का?

रंकाळ्याचा_वारा | ११:४७
घातल्या होत्या की. तू सगळ्यात जास्त.

पेठेतला_बॅक | ११:४८
ते सोड.

ओल्ड_इज_गोल्ड | ११:५५
मुंबईतला रोव्हर्स कप बंद पडला तेव्हाच मी म्हणालो होतो. कूपरेजला बाहेर झाडावर बसून लोक मॅच बघायचे. असो. फ्लेक्सवर रहीमसाहेबांचा फोटो टाकावा, कोणाचाच आक्षेप येणार नाही.

नळस्टॉप_नाना | २१ नोव्हेंबर, सकाळी ७:४०
रात्री झोप लागली नाही, विचार करत होतो. ‘कोच बदला, टीम बदला, आधी मैदानाचं कुलूप बदला.’ कसं वाटतं?

शिट्टी_फुंकणारी | ७:५२
नाना, पुण्याहून आलेला पहिला कामाचा मजकूर. कुलूप बदलून काय करणार पण? उघडा.

कॉन्स्टंटाइन_फॅन_क्लब | ८:१५
आम्ही अजूनही फोटोवर ठाम आहोत.

रंकाळ्याचा_वारा | दुपारी १२:३५
अपडेट. सकाळी अध्यक्षांकडं दोन्ही पार्ट्या बसल्या. हार नाही, फुली नाही. वर ‘रविवारी सरावाचा नारळ’, खाली मोठ्या अक्षरात ‘लीग सुरू करा, मग कोचचं बघू’. ‘मग कोचचं बघू’ वर हटवा पार्टी खूश, ‘लीग सुरू करा’ वर दुसरी. नानांचं कुलूप आवडलं होतं पण जागा उरली नाही, अध्यक्षांचा आणि नगरसेवकांचा फोटो आहे. फ्लेक्सवाला म्हणतो खालिदचा फोटो कमी झाला तरी पैसे तेवढेच.
सगळ्यांचे आभार. फातोर्डाकर, मार्चमध्ये हाँगकाँगची मॅच आहे, बघणार का?

फातोर्डाकर | १२:५०
बघणार. न बघून सांगतो कुणाला.

दक्ष_नागरिक_४११ | १:०५
परवानगी क्रमांक छापला का?

गडहिंग्लजचा_गोली | १:२२
धागा आत्ताच बघितला. नक्की कुठल्या कोचबद्दल चाललंय?