आजोबांचं ओमेगा: डायल रंगवून घेऊ का?

लातूरकर: आजोबांचं चावीचं ओमेगा सीमास्टर घड्याळ माझ्याकडे आलंय. डायल पिवळी पडलीय, काटे शाबूत. गंजगोलाईतले एक कारागीर डायल नवी रंगवून देतो म्हणतात. देऊ का?

नांदेडचा घड्याळवेडा: बिलकुल नको! मूळ डायल म्हणजे घड्याळाचा जीव. रंगवली की संग्राहक पाठ फिरवतात, किंमत पडते. ती पिवळी झाक मला तर नव्याहून देखणी वाटते. सीमास्टर १९४८ पासून निघतंय. झाकण उघडल्यावर मशीनवरचा नंबर टिपून घ्या, अंदाजे साल कळेल. तेलपाणी होईपर्यंत चावी देऊ नका, सुकलेल्या तेलावर चाकं झिजतात.

बीडकर: केसला (घड्याळाच्या बाहेरच्या कवचाला) पॉलिशही नको, कडा बोथट होतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम फार, जुनं गॅस्केट (झाकणाखालची रबरी कडी) तो अडवत नाही. चामड्याचा पट्टा दिवाळीनंतरच लावा.

लातूरकर: ठरलं, फक्त सर्व्हिसिंग. नंबर टाकतो इथं.