गोलरक्षकाच्या काठीचा खिसा

लॅक्रॉस या जाळीदार काठीने चेंडू झेलण्या-फेकण्याच्या खेळात गोलरक्षकाच्या काठीचा खिसा (जाळीचा झोळ) जितका खोल तितका बचाव भक्कम, असे या चर्चेत मालवणच्या सदस्यांनी म्हटले आहे. ते अर्धेच खरे आहे. अमेरिकी महाविद्यालयीन पुरुषांच्या नियमांनुसार गोलरक्षकाच्या काठीचे डोके, म्हणजे जाळी बसवलेली चौकट, १० ते १२ इंच रुंद असते आणि खिशाच्या खोलीचे जे बंधन इतर खेळाडूंवर आहे ते त्याच्यावर नाही. खोल खिशात जोरकस चेंडू उसळत नाही, हे मान्य. परंतु तोच चेंडू फेकताना जाळीत ओवलेल्या आडव्या नाड्यांना अडखळून उशिरा सुटतो आणि साथीदाराकडे जाण्याऐवजी जमिनीकडे वळतो. बचावानंतर लगेच लांब पास द्यायचा असेल, तर मध्यम खोलीचा खिसा बरा.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. पावसाळ्यात मऊ जाळी पाणी पिऊन सैल पडते आणि बेतून बसवलेला खिसा बिघडतो, म्हणून मेण दिलेली जाळी घ्यावी. नाड्या पुन्हा ओढून घेण्यासाठी (जाळी विणणारे हात कोळीवाड्यात कमी नाहीत) फारसे शोधावे लागणार नाही. डोके दांड्याला जखडणारा स्क्रू मात्र स्टेनलेस स्टीलचाच असावा, कारण खाऱ्या हवेत साधा स्क्रू गंजतो आणि काढताना त्याची खाचच झिजते.

छातीच्या कवचात काटकसर मुळीच नको: टणक रबरी चेंडूचा छातीवरील आघात क्वचित हृदयाची लय बिघडवू शकतो.