मदत हवी आहे : मानपत्रात ‘डांगोरा पिटला’ चालेल का?

पाटावरवंटा

मंडळी, घाई आहे. बुधवारी फ्लेक्सवाल्याला मजकूर द्यायचाय.

आमच्या गावातल्या आशाताई, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, वयोमानाने काम थांबवताहेत. त्यांचं मानपत्र माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं : “लसीकरणाचा आणि दवाखान्यातल्या बाळंतपणाचा त्यांनी गावभर डांगोरा पिटला.” समितीतले निवृत्त गुरुजी वाचून उडालेच. “अरे, सत्कार करतोयस की काढतोयस बाईची?”

मी म्हटलं, मग तुकोबांचं काय? “पिटूं भक्तीचा डांगोरा । कळिकाळासी दरारा ॥” हे तर आपण भजनात टाळ कुटत म्हणतो. गुरुजी म्हणाले, “तू तुकोबा नाहीस.” यावर काय बोलणार?

तर, डांगोरा खरंच इतका बिघडलाय का? आणि त्याच्या जागी काय लिहू? ‘माहिती प्रसारित केली’ म्हटलं की आकाशवाणी कानात वाजते. ‘प्रसृत केली’ लिहून पाहिलं, तर बायकोने ‘प्रसूत’ वाचलं. बाळंतपणाच्या ओळीत तो धोका नको.

बोरूबहाद्दर

गुरुजींच्या बाजूने एक मत. डांगोरा मुळात दवंडीचाच भाऊ, वाद्य बडवून केलेली जाहीर घोषणा. पण आज आपण तो कशाचा पिटतो? स्वतःच्या कर्तृत्वाचा, पुरोगामीपणाचा, न केलेल्या कामाचा. ‘मदतीचा डांगोरा’ म्हटलं की मदत थोडी आणि आवाज फार, हे न सांगता कळतं. माझा तर्क असा की दवंडी गावात प्रत्यक्ष ऐकू येत राहिली म्हणून शब्द शाबूत राहिला. डांगोरा नुसता बोलण्यात उरला आणि टोमण्याच्या कामी लागला.

तुकोबांच्या ओळीत ‘चा’च्या आधी काय आहे ते बघा. भक्ती आहे, स्वतःचं नाव नाही. शिवाय त्याच अभंगात “नाश केला शब्दज्ञानें” असंही आहे, तेव्हा आपण जरा बेतानेच बोलू.

जाता जाता : पसरणे, पसारा, प्रसार, प्रसृत ही सगळी एकाच धातूची लेकरं. प्रसृत म्हणजे पसरलेलं, प्रसारित म्हणजे कोणीतरी पसरवलेलं. ‘करणे’ लावलं की मराठीत हा फरक फारसा उरत नाही. पत्रकं, निवेदनं प्रसृत करतात. आशाताईंसाठी दोन्ही फार इस्त्रीचे शब्द आहेत.

मृगजळ

“त्यांच्यामुळे लसीकरण षट्कर्णी झालं” कसं वाटतं?

बोरूबहाद्दर

नको! षट्कर्णी म्हणजे सहा कान, तीन माणसं. दोघांतलं गुपित तिसऱ्याने ऐकलं की ते फुटलं, एवढाच त्याचा अर्थ. लस काय गुपित आहे? बभ्रा आणि बोभाटाही नको, त्यांना बदनामीचा वास येतो. गवगव्यात नुसता गलका.

निवृत्त बेलिफ

कोणी दवंडी सुचवायच्या आत सांगतो. दवंडी देतात, पिटतात, फिरवतातही. ग्रामसभेची दवंडी असते, पण ती जप्तीचीही असते. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश २१, नियम ५४ : स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम त्या जागेवर किंवा लगत ढोल वाजवून अथवा तिथल्या रूढ पद्धतीने पुकारायचा. लिलावाचंही तसंच. मी अशा कामांवर गेलोय. हलगी वाजली की माणसं दारात यायची आणि ज्याचं नाव असेल तो आत जायचा. म्हाताऱ्या माणसांसमोर हा शब्द जपून वापरा.

सुईदोरा

मी नर्स आहे. इतका वेळ सगळे आवाजाचेच शब्द शोधताहेत, म्हणून लिहितेय. आशाताई चौकात उभ्या राहून ओरडत नाहीत हो. दवंडीवाला एकदा पुकारतो आणि पुढच्या आळीत जातो. त्याला उलट प्रश्न कोणी विचारत नाही. आशाताई उंबऱ्यावर बसतात. “सुईने बाळाला ताप येतो” म्हणणाऱ्या सासूचं सगळं ऐकून घेतात, ताप का येतो ते सांगतात, आणि पुढच्या आठवड्यात त्याच उंबऱ्यावर पुन्हा जातात. डांगोरा अपमानाचा असेल नसेल, इथे तो खोटा आहे. ‘घरोघर जाऊन पटवलं’ असं लिहा की सरळ.

पाटावरवंटा

सुईदोराताई, पटलं. फक्त ‘पटवलं’वर आमचं तरुण मंडळ फिदीफिदी हसलं, म्हणून तेवढं बदललं. आता असं आहे :

“लसीकरणाचं महत्त्व त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं आणि सासवांच्या गळी उतरवलं.”

गुरुजींनी चष्मा लावून दोनदा वाचलं. ‘सासवांच्या’च्या जागी ‘घरातल्या थोरांच्या’ घालायला सांगितलं. समोरच्या रांगेत सासवाच बसणार आहेत म्हणे.