‘द कॉन्शन्स ऑफ द किंग’मधला शेक्सपिअर : कथेचा कणा की उसनं वजन?

निशाचर : ‘स्टार ट्रेक’ या अंतराळकथांच्या मूळ टीव्ही मालिकेतला ‘द कॉन्शन्स ऑफ द किंग’ हा भाग (८ डिसेंबर १९६६) ‘शेक्सपिअरची फोडणी दिलेली रहस्यकथा’ म्हणून निकालात काढला जातो. मला ते अजिबात मान्य नाही. (पुढे शेवट उघड होणार आहे.)

कथा अशी : टार्सस ४ या वसाहतीतलं अन्न बुरशीने नासतं. गव्हर्नर कोडोस सत्ता हातात घेतो आणि कोणी जगायचं, कोणी मरायचं हे स्वतःच ठरवून आठ हजारांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना मारून टाकतो. मदतीची जहाजं मात्र अपेक्षेपेक्षा लवकर पोचतात. वीस वर्षांनी अंतराळजहाजाचा कॅप्टन कर्क याला संशय येतो, की फिरत्या नाटक कंपनीचा प्रमुख नट कॅरिडियन म्हणजेच कोडोस.

आता जहाजावरच्या ‘हॅम्लेट’च्या प्रयोगाचा प्रसंग बघा. लेफ्टनंट रायलीचे आईवडील कोडोसने मारलेले. रायली विंगेत फेझर (किरणांचं पिस्तूल) घेऊन उभा आहे आणि रंगमंचावरून भूत बोलतंय, मी तुझ्या बापाचा आत्मा. बोलणारा कोण, तर बापाचा खुनी! मूळ नाटकात भूत मुलाकडे सूड मागतं, इथे ती मागणी खुन्याच्याच तोंडून येते. यातून शेक्सपिअर काढा, प्रसंग उभाच राहत नाही.

तिसरी_घंटा : एक प्रसंग जमला म्हणून सगळा भाग जमला असं होत नाही. शीर्षक कुठलं? नाटक लावून राजाच्या मनातलं पाप बाहेर काढीन, असं हॅम्लेट म्हणतो तिथलं. कर्क असं काही करतो का? तो कॅरिडियनला कोडोसचं मृत्युदंडाचं फर्मान वाचायला लावतो, आवाज ताडून बघायला. ही सरळ पोलिसी तपासणी झाली. शिवाय कॅरिडियनची मुलगी लेनोर कर्कला ‘ताऱ्यांचा सीझर’ वगैरे म्हणते आणि स्वतः क्लिओपात्रा होते, त्याचा कथेशी काय संबंध? ज्याने शेक्सपिअर वाचलेला नाही, त्याच्या हाती काय लागतं?

निशाचर : अहो, ते वाचन हाच सापळा आहे! कर्क नटाच्या हातात संहिता देतो. कॅरिडियन कागदाकडे जेमतेम बघतो आणि कर्क ते बरोबर टिपतो. राजाला नाटक दाखवायच्या ऐवजी इथे राजालाच त्याची जुनी भूमिका पुन्हा करायला लावली आहे. सीझर-क्लिओपात्रा मात्र मलाही खटकतं, तिथे तुमचं बरोबर.

न वाचलेल्यांचं म्हणाल, तर आगरकरांनी मराठीत आणलेल्या ‘हॅम्लेट’मध्ये, म्हणजे ‘विकारविलसित’मध्ये, नट गणपतराव जोशी उभे राहायचे तेव्हा थिएटरात इंग्रजी ‘हॅम्लेट’ वाचलेले असे किती असतील? तरी प्रयोग गाजलाच. बापाचा खून आणि मुलाची घालमेल कळायला पोथी लागत नाही.

गडवाट : माझं भांडण वेगळंच आहे. नाझी अधिकारी आइकमनवर जेरुसलेमला खटला चालला १९६१ साली. नाव बदलून दडलेला, वंशशुद्धीच्या कल्पनेने माणसं निवडून मारणारा अधिकारी, हे त्या काळच्या प्रेक्षकाला लांबचं नव्हतं. आणि इथे अर्नोल्ड मॉससारखा कसलेला शेक्सपिअरन नट आधी राजाचा खून करणारा मॅकबेथ होतो, मग हॅम्लेटच्या बापाचं भूत. रक्ताने माखलेले हात मॅकबेथचे दिसले, की आपण आपोआप खुन्याच्या मनात शिरतो, त्याच्यासाठी हळहळतो. मेलेल्या हजारोंपैकी रायलीचे आईवडील आणि त्यातून वाचलेल्या डॉ. लाइटनचा अर्धा झाकलेला चेहरा सोडला, तर आपल्याला कोण दिसतं? शोकांतिकेच्या नायकाचा मान कोडोसला फुकटात मिळाला.

कंदील : फुकटात कसा? कोडोसला ओळखू शकणाऱ्या साक्षीदारांना कॅरिडियन मारतच नाही, बापाला वाचवायला लेनोर मारत सुटते. हे कळतं तेव्हा तो कोसळतो. आपल्या पापाचा स्पर्श न झालेली एकच गोष्ट त्याच्याकडे होती, तीही गेली. कर्कवर झाडलेला तिचा वार मधे येऊन तो स्वतःवर घेतो आणि ती त्याच्या प्रेतापाशी ‘हॅम्लेट’मधल्या ओळी बरळते. त्यातल्या काही मुळात नाटकाच्या शेवटी येणाऱ्या फोर्टिनब्रास या राजपुत्राच्या. रंगमंचावर आधी लेडी मॅकबेथ, मग ‘हॅम्लेट’मधली ऑफेलिया झालेली ही मुलगी आता सगळं नाटक एकटीच बोलतेय. याहून कडक शिक्षा कोणती द्यायची?

गडवाट : शिक्षा बाप-लेकीला झाली, हे कबूल. पण शेवटी जहाजाचा डॉक्टर मॅकॉय काय सांगतो? तिला काहीच आठवत नाही, बाप अजून टाळ्यांच्या कडकडाटात प्रयोग करतोय असं तिला वाटतं. लाइटनचा खून तिनेच केला, त्याची बायको मागे उरली, तिच्यासाठी लेखकाने ‘हॅम्लेट’मधून एक ओळही काढली नाही.