दमा फक्त घराण्यातून येतो का? – थोडी भर

ताई, "घराण्यात असल्याशिवाय दमा होत नाही" हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. कल आनुवंशिक असतो, पण एका-दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत. बदललाय तो भोवताल.

अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट समाजांचे पूर्वज मध्य युरोपातलेच, जनुकंही बरीच सारखी. आमिश घोड्यांनी शेती करतात, मुलं गोठ्यात वावरतात. हटराइटांची शेती मोठ्या यंत्रांची. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमिश शाळकरी मुलांत दमा सुमारे ५ टक्के निघाला, हटराइट मुलांत २१! गोठ्याच्या धुळीतले जंतूंचे अंश लहानपणीच प्रतिकारशक्तीला वळण लावतात, असं संशोधक मानतात.

आमच्या खानापूरच्या घरी गोठा सोप्याला लागूनच होता. आता बेळगावात फ्लॅट. पावसाळाभर खिडक्या बंद, कपाटामागे काळी बुरशी, गादीला कुबट वास. अशा दमट अंथरुणात धुळीतले सूक्ष्म किडे फार वाढतात. मुलीला जुलैत रात्री दोन-दोनला ढास लागायची, उठून बसायची बिचारी. गादी-उशांना झिपच्या खोळी घातल्या, दर आठवड्याला चादरी कढत पाण्यात धुतल्या, तेव्हा उतार पडला. इनहेलर चालूच आहे. तो मनाने बंद करू नका.

आणि दमा झालेल्या मुलाला "सवय होईल" म्हणून गोठ्यात पाठवू नका, ते उलटही पडू शकतं. शेतात उसाचा पाला पेटवला असेल तर त्याला घरातच ठेवा, वाऱ्याकडची खिडकी लावून.