जिप्सी पहिल्यांदाच भातखाचरातल्या मड रेसला न्यायची आहे – टायर, प्रेशर, तयारी?

चिखलात_नवा
नमस्कार मंडळी. जुलैच्या शेवटच्या रविवारी मावळात लोकल मड इव्हेंट आहे. यंदा लावणी न होणारं खाचर घेतलंय, पाणी सोडून ट्रॅक्टरने चिखलणी करून ठेवणार. साधारण ८० मीटरचा पट्टा, मध्ये एक उजवं वळण, शेवटी बांध चढून बाहेर. एका वेळी एकच गाडी, घड्याळावर.

गाडी: मारुती जिप्सी किंग एमपीएफआय, सॉफ्ट टॉप. इंजिन आणि पाटे (स्प्रिंग) स्टॉक. टायर कंपनीच्याच मापाचे, २०५/७० आर १५, निम्मे झिजलेले. लॉकर (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र फिरवणारा) नाही, विंच (दोराने गाडी ओढून काढणारं यंत्र) नाही. टायर धरून बजेट ४० हजार.

विचारायचं असं: टायर कोणत्या मापाचे घेऊ, हवा किती ठेवू, कुठल्या गिअरमध्ये घालू, आणि आदल्या आठवड्यात गाडीखाली काय काय बघून घेऊ? स्नॉर्कल (इंजिनची हवा उंचावरून घेणारी नळी) लागेल का?

लोरेंज_दादा
टायरच्या दुकानात जाण्याआधी खाचरात जा. पहार किंवा जाड काठी घेऊन पट्ट्यात दहा-बारा ठिकाणी खुपसून बघा. वर्षानुवर्षं चिखलणी झालेल्या खाचरात वरचा थर लोण्यासारखा असतो, पण वीतभर खाली नांगराच्या फाळाने आणि बैल-ट्रॅक्टरच्या वजनाने दाबून दाबून टणक झालेला थर लागतो. भाताचं पाणी जिरत नाही ते त्याच्याचमुळे. काठी १५-२० सेंटीमीटरवर ठक्क करून थांबली की समजायचं, तळ आहे. तुमची गाडी त्या तळावर चालणार, चिखलावर नाही. अशा ठिकाणी अरुंद आणि उंच टायर जिंकतो. रुंद टायर वर तरंगायला बघतो, तळापर्यंत पोचतच नाही आणि नुसता गरगरतो.

म्हणून २१५/७५ आर १५ एमटी (मड टेरेन, म्हणजे चिखलाचे खोल गाठींचे टायर) घ्या. स्टॉक पाट्यांवर बसतो. व्यास ६६८ वरून ७०४ मिमीच्या आसपास जातो. मात्र ३५ मिमी वाढले म्हणून डिफ (डिफरन्शियल, चाकांमधला गोळा) ३५ मिमी वर जात नाही, निम्माच जातो. २३५/७५ दिसायला भारी, पण लिफ्टशिवाय, म्हणजे गाडी उंच केल्याशिवाय, वळताना घासतो आणि गिअरिंग जवळजवळ दहा टक्क्यांनी लांब होतं. १.३ लिटरच्या इंजिनाला ते चिखलात झेपत नाही. गोव्याच्या रेनफॉरेस्ट चॅलेंजचे व्हिडिओ बघून माप ठरवू नका, तिथल्या गाड्यांना लॉकर आणि विंच असतात.

हवा: तळ लागत असेल तर १८ पीएसआय. फार कमी केली तर टायर पसरतो आणि अरुंद टायर घेतल्याचा फायदाच जातो. बीडलॉक (टायरची कड, म्हणजे बीड, रिमला आवळणारी कडी) नसताना १२ च्या खाली तर कधीच नको. वळणावर टायर रिममधून सुटतो, आणि चिखल शिरलेला बीड जागेवर बसवणं म्हणजे अर्धा दिवस गेला.

गिअर: फोर लो (चारही चाकांना ओढ, कमी वेगाची रेंज), सेकंड. जिप्सीचा टॉर्क १०३ एनएम, तोही ४५०० आरपीएमला. डिझेल थारसारखी खालच्या आरपीएमला ओढेल ही अपेक्षा ठेवू नका. पट्ट्यात शिरण्याआधीच ३५०० च्या आसपास आणा आणि तिथेच धरा. मध्ये गिअर बदलायचा नाही. क्लच दाबला त्या क्षणी गाडी थांबते, कारण चिखलात वेगाचा साठा म्हणून काही नसतोच. गाडी मंदावायला लागली की स्टिअरिंग डावी-उजवीकडे पाव-पाव फिरवत राहा, टायरच्या कडेच्या गाठींना नवी माती मिळते. चाकं फिरतायत आणि गाडी जागची हलत नाही असं झालं की मनात तीन मोजा आणि पाय काढा. चौथ्या सेकंदापासून फक्त स्वतःचा खड्डा खणला जातो.

काळीमाती
दादांचं खाचरापुरतं शंभर टक्के बरोबर. पण हा धागा सोलापूर, लातूर, परभणीकडचं कोणी वाचत असेल तर हे तसंच्या तसं उचलू नका. काळ्या मातीत खाली तळ नसतो, काठी जाईल तेवढी जाते. ती माती पाण्याने फुगते आणि टायरला अशी चिकटते की दोन फेऱ्यांत एमटीचा गुळगुळीत टायर होतो. तिथे रुंद टायर, १४ पीएसआय, आणि थर्ड गिअर, म्हणजे चाक जोरात फिरून माती झाडली जाईल. शिवाय मडगार्डच्या आत माती थापली जाऊन चाकच आवळतं. प्रत्येक फेरीनंतर खुरप्याने ती खरवडायची. पाण्याच्या पाइपने ती जात नाही, उलट आणखी चिकट होते.

ग्रीसगन
आता गाडीखालचं. जिप्सीत चिखल आत शिरायचे ठरलेले रस्ते आहेत.

सगळ्यात आधी ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जायचं छोटं तोंड. अ‍ॅक्सल तापलेला असतो, थंड चिखलात बुडला की आतली हवा आक्रसते. ब्रीदर मातीने तुंबलेला असेल तर ती ओढ ऑइल सीलवर येते आणि सीलच्या ओठातून पाणी आत जातं. उपाय शंभर-दोनशे रुपयांचा आहे: ब्रीदरच्या तोंडाला बसेल असा पेट्रोलचा रबरी पाइप, क्लिप, पुढचा पाइप इंजिन बेमध्ये फायरवॉलपाशी आणि मागचा टेललॅम्पच्या उंचीपर्यंत, टोकाला बाइकचा छोटा पेट्रोल फिल्टर. पाइपला कुठे खोलगट झोळ राहू देऊ नका, त्यात पाणी साचतं.

दुसरं, पुढचे नकल, म्हणजे चाक वळतं तो सांधा. चेंडूसारख्या भागावरचं फेल्ट आणि रबर सील फाटलं असेल तर चिखल थेट सीव्ही जॉइंटपर्यंत (वळलेल्या चाकाला ओढ देणारा सांधा) जातो, ग्रीसची राखाडी लापशी होते. सील बदला, जुनं ग्रीस पुसून मॉलिब्डेनमवालं नवं भरा. सीव्ही तुटण्याचं मुख्य कारण मात्र माती नाही, पाय आहे. स्टिअरिंग पूर्ण लॉकला नेऊन रेस दिली की तो जातो. तुमच्या उजव्या वळणावर नेमका हाच धोका. पूर्ण लॉकच्या अर्धी वळी आधी सोडा, वळण रुंद घ्या.

तिसरं, ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणारा डबा) रबर माउंट. जिप्सीत तो गिअरबॉक्सपासून वेगळा लटकतो. खाली झोपा, पहारीने केस हलकेच उचलून बघा. रबर चिरलेलं दिसलं तर तिन्ही एकदम बदला. एक बदललं की उरलेली दोन पहिल्याच झटक्यात फाटतात.

प्रोपेलर शाफ्टच्या प्रत्येक क्रॉसला आणि स्लिप जॉइंटला ग्रीस मारा, जुनं बाहेर दिसेपर्यंत. फ्री व्हील हब (पुढची चाकं ओढीला जोडणारे-सोडणारे) असतील तर चार दिवस आधी फिरवून बघा. अडकलेला हब रेसच्या दिवशी कळतो तेव्हा तुमची गाडी टू व्हील ड्राइव्हच असते.

स्नॉर्कलवर पैसे घालवू नका. हबभर चिखलात त्याची गरज नाही. त्याऐवजी एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप आणि सील बघा, प्लगच्या टोप्या आणि कनेक्टरना डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. रेडिएटरच्या पुढे बारीक जाळी बांधा, पण ती लगेच काढता-घालता आली पाहिजे. तापमानाचा काटा चढण्याचं पहिलं कारण भरलेली जाळीच असते.

परत आल्यावर, त्याच संध्याकाळी: रेडिएटर इंजिनच्या बाजूने बाहेर असा धुवा, धार मंद. प्रेशर वॉशरने पत्र्या वाकतात. मागचे ड्रम उघडा, आत वाळू राहिली तर लायनर आणि ड्रम दोन्हींवर चरे पडतात. अल्टरनेटर साध्या पाण्याने धुऊन, इंजिन चालू ठेवून वाळवा. मग दोन्ही डिफ आणि ट्रान्सफरचे प्लग सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर लगेच काढा, एक किलोमीटरही चालवू नका. पुढच्याला साधारण दोन लिटर, मागच्याला दीड, ट्रान्सफरला पाऊण-एक. म्हणून पाच लिटरचा गिअर ऑइलचा कॅन आधीच घरी आणून ठेवा.

चिखलात_नवा
लोरेंज दादा, ग्रीसगन, काळीमाती, तिघांचे आभार. टायर २१५/७५ ठरले, स्नॉर्कल रद्द. आणखी एक: अडकलो तर तिथे उभा असलेला ट्रॅक्टर ओढणार आहे, साखळीने. पुढच्या बंपरखाली जे हुक आहेत त्यांना लावली तर चालेल ना?

पट्टा_आणि_शॅकल
नाही चालणार, थांबा. ते हुक बहुतेक वेळा गाडी ट्रेलरवर बांधायला असतात. पोटापर्यंत रुतलेल्या गाडीला तिच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट ओढ लागते, चिखल खालून चोखून धरतो. चॅसिसच्या दोन्ही रेल्सना प्लेटचे हुक लावून घ्या, प्रत्येकी दोन बोल्ट, १२ मिमी, ८.८ ग्रेड, मागे जाड वॉशर. दोन्ही हुकांमधून ब्रायडल पट्टा (ताण दोघांवर वाटणारा), त्याच्या मध्यात शॅकल (पिनची लोखंडी कडी). एकाच हुकावर ओढली तर चॅसिस तिरका ताण घेतो. मागेही तसंच करा. बऱ्याचदा आल्या वाटेने मागे ओढणंच सोपं जातं.

ट्रॅक्टरची साखळी चालेल, पण फक्त तणाव देऊन हळूहळू. झटका अजिबात नाही. ट्रॅक्टरवाल्याला हे आधीच समजावून सांगा. साखळीला ताण शोषता येत नाही, कडी तुटली की ती गोळीसारखी येते. झटक्याने काढायचं असेल तर काइनेटिक (ताणला जाणारा) पट्टा, ९ मीटर, ८ टनी. जिप्सी जेमतेम टनाची गाडी. ११ टनी घेतलात तर तो ताणलाच जाणार नाही, साधा दोर होऊन बसेल. दोन पट्टे जोडायची वेळ आली तर मध्ये शॅकल घालू नका. एकाच्या डोळ्यातून दुसरा ओवा आणि वळकटी केलेलं मासिक मध्ये सारा, म्हणजे गाठ आवळत नाही. बो शॅकल ३.२५ टनी पुरे. पिन पूर्ण आवळा, मग पाव वळसा मागे, नाहीतर नंतर पाना लावूनही सुटत नाही. पट्ट्याच्या मध्यावर ओलं पोतं टाका, दोन्ही गाड्यांची बॉनेट वर, आणि माणसं पट्ट्याच्या दीडपट अंतरावर.

ओढण्याआधी पाच मिनिटं फावडं चालवा. चाकांपुढची माती आणि डिफखालचा गोळा काढला की निम्मा ताण कमी होतो. फावडं विसरून विंच आणणारे लोक दर इव्हेंटला दिसतात.

हात दाखवणारा माणूस एकच हवा. आपल्याकडे बांधावरून वीस जण ओरडतात आणि ड्रायव्हर सगळ्यांचं ऐकतो. आधी ठरवा: ज्याने भगवी टोपी घातली तो, बाकीचे गप्प. अंगठे स्टिअरिंगच्या आऱ्यांमध्ये अडकवू नका, चाक दगडाला लागलं की आरा अंगठा मोडतो. आणि कोणाचा पट्टा वापरलात तर धुऊन, सावलीत वाळवून परत द्या. चिखल वाळलेला पट्टा आतून कापला जातो. या लोकांत पुढच्या वेळी कोण तुमच्यासाठी चिखलात उतरणार ते याच्यावर ठरतं. सीव्ही, क्लच केबल, बेल्ट मागितला की मिळतो, पण घेतलेला पार्ट पुढच्या रविवारपर्यंत नवा आणून द्यायचा असतो.

बांधावरून
दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत. गाडीच्या विम्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, तिथे काही मोडलं तर क्लेम विसरा. गाडी ट्रेलरवर न्या किंवा परत येण्यापुरती धड ठेवा.

दुसरं, शेवटचा बांध. त्याच्यावरून पंधरा गाड्या गेल्या की तो फुटणार, आणि खालच्या खाचरात शेजाऱ्याची लावणी झालेली असेल तर पाणी तिकडे जाणार. चढायच्या जागी आदल्या दिवशी मातीची पोती रचा, आणि शेजाऱ्याला आधी विचारा, नुसतं मालकाला नाही. संध्याकाळी बांध घालूनच निघायचं. ऑइल गळणारी गाडी खाचरात सोडायची नाही, सुरू होण्याआधी प्रत्येक गाडीखाली पुठ्ठा टाकून दहा मिनिटं बघा. आणि अनवाणी उतरू नका. पायाला जखम असेल तर गमबूट असले तरी बांधावरच थांबा. भातखाचरातल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, जंतूंचा ताप) होतो. पुढच्या महिनाभरात, बहुतेकदा ५ ते १४ दिवसांत, ताप आला आणि पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना चिखलात उतरल्याचं आपणहून सांगा.

चिखलात_नवा
शेजारचं खाचर कोणाचं ते उद्याच विचारतो. पुठ्ठ्याचं आत्ताच करून बघितलं, मागच्या डिफखाली रुपयाएवढा डाग आहे.

ग्रीसगन
पिनियन सील, प्रोपेलर शाफ्ट डिफमध्ये शिरतो तिथलं. रविवारच्या आत बदला, आणि बदलताना फ्लँजवर सील जिथे घासतं तिथे नखाला खाच लागते का बघा. लागली तर नवं सीलही गळेल, फ्लँजच बदलावा लागेल.