थँक्सगिव्हिंगचं (अमेरिकेतला नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, आभार मानायचा सण) जेवण आणि शुक्रवारचं उरलंसुरलं: तुमच्याकडे काय काय असतं?

पाणकणीस:
सकाळी लेकीचा कॉलेजातून फोन. घरी कधी पोहोचणार ते सांगायच्या आधी तिचा प्रश्न, "आई, शुक्रवारी वडे आहेत ना?" त्यावरून क्लीव्हलंडच्या शेजारच्या आजी आठवल्या. आम्ही नुकतेच आलो होतो. गाडी नाही, ओळखी नाहीत, बाहेर सगळं सामसूम. आजींनी दार वाजवून सांगितलं, गुरुवारी दुपारी तीनला जेवायला या, हात हलवत या. आम्ही मांसाहार करत नाही हे कळल्यावर त्यांनी आमच्यासाठी स्टफिंग, म्हणजे ब्रेडचं सारण, टर्कीच्या (कोंबडीसारखा मोठा पक्षी) पोटात न भरता वेगळ्या भांड्यात भाजलं, तेही भाज्यांच्या पाण्यात. अनोळखी माणसांसाठी एवढं कोण करतं? जेवणाआधी टेबलाभोवती एकेकानं आभार मानायचे असतात. त्यांच्या नातवानं पडलेल्या दाताचे मानले. निघताना फॉइलच्या पुड्या हातात कोंबल्या. त्यातल्या कुस्करलेल्या बटाट्यांचे मी दुसऱ्या दिवशी वडे केले आणि गरम गरम त्यांना नेऊन दिले. पुढच्या वर्षीपासून आजी वड्यांसाठी म्हणून बटाटे जास्तच उकडायच्या. आजी आता नाहीत, वडे चालू आहेत.
तुमच्याकडचं सांगा. पहिलं जेवण, कोणी बोलावलं, उरलेल्याचं काय करता, सगळंच.

खारा_वारा:
टर्की खायची ती शुक्रवारीच! गुरुवारी छातीचं मांस कोरडं लागतं, ग्रेव्ही ओतून खावं लागतं. आमच्याकडे रात्रीच सांगाडा मोठ्या पातेल्यात मंद आचेवर ठेवतो, दोन-तीन तास. सकाळी कांदा-सुकं खोबरं काळपट भाजून वाटण, मालवणी मसाला, आणि तो हाडांचा रस. मांस मात्र शेवटच्या उकळीला घालायचं, ते आधीच शिजलेलं असतं, जास्त उकळलं तर चोथा होतो. सोबत वडे, म्हणजे आमचे कोंबडीचे, पाणकणीसताईंचे नव्हेत. सासूबाई देवगडहून आल्या होत्या तेव्हा ओव्हनमध्ये डोकावून म्हणाल्या, "अगो बाय, मोर भाजलास की काय?" नंतर दोन वाट्या रस्सा प्यायल्या.

झिपरी:
ताई वड्यांचं प्रमाण द्या ना. त्यात दूध-लोणी असतं, सैल नाही होत?

पाणकणीस:
@झिपरी रात्रभर फ्रीजमध्ये राहिले की घट्ट होतात. तरी सैल वाटले तर जाडे पोहे कोरडे भाजून, भरडून मिसळायचे. आलं-मिरची-कोथिंबीर नेहमीसारखं, लसूण आधीच असेल तर बेतानं. मीठ चाखूनच घाल.

उंबरठा:
आमच्याकडे कधीकधी मार्गशीर्षातला गुरुवार आणि हा गुरुवार एकच येतो. 2022 ला 24 नोव्हेंबरला आला, 2025 ला 27 ला. दोन्ही वेळा पहिलाच गुरुवार. 2025 ला तर आदल्या दिवशी चंपाषष्ठी, म्हणजे बुधवारी भरीत-रोडगा, गुरुवारी महालक्ष्मीचा घट आणि जावयाच्या घरचे जेवायला! टर्की भावानं त्याच्या घरी भाजली आणि शुक्रवारी तिकडे जेवलो. गुरुवारी आमच्याकडे संध्याकाळी आरती, खीर-पुरी, भाजलेली रताळी, मका, मक्याचा ब्रेड. लेकीच्या सासूबाईंना आधीच फोन करून सांगितलं होतं की घरात आज व्रत आहे. त्यांनी विचारलं, देवीला काय चालतं? मी म्हटलं फळं. त्यांच्या परसातल्या झाडाची सफरचंदं कागदात एकेक गुंडाळून घेऊन आल्या, स्वतःच्या हातानं घटापुढे मांडली. पाच फळांत पाचही सफरचंदंच. मला त्या दिवशी फार भरून आलं.

मॅपलचं_पान:
टोरांटोहून. आमचं कधीच झालं 😀 कॅनडात ऑक्टोबरचा दुसरा सोमवार. तुमचं मार्गशीर्षाशी अडतं, आमचं नवरात्राशी. 2021 ला 11 ऑक्टोबरला होतं, ऐन नवरात्रात घट बसलेले. शेजाऱ्यांकडे गेलो आणि रताळी, भाजलेले बटाटे खाल्ले, उपासाचं ताट आपोआप तयार! फक्त रताळ्यांवरचे मार्शमेलो बाजूला काढायचे, त्यात जिलेटिन असतं, प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासूनचं.

रातपाळी:
वाचतेय सगळं, ब्रेकमध्ये. मी नर्स आहे, बहुतेक वर्षं या रात्री ड्यूटीच असते. आमच्या फ्लोअरवर सगळे डबे आणतात. फिलिपिनो मैत्रिणीचा पान्सित (नूडल्स), कोणाचा मॅक अँड चीज, माझा मसालेभात. एका वर्षी एक आजोबा होते, त्यांच्याकडे कोणी येऊ शकलं नव्हतं. गिळायला त्रास, म्हणून मऊच खायचे. डाएटिशियनला विचारून त्यांना मऊ बटाटे आणि ग्रेव्ही भरवली. खाऊन झाल्यावर त्यांनी माझ्या आईचं नाव विचारलं आणि तिचे आभार मानले. घरी आल्या आल्या आईला फोन लावला. चला, बेल वाजली.

खारा_वारा:
@रातपाळी 🙏 तुम्ही लोक आहात म्हणून आम्ही घरी जेवतो.

कमळकाकडी:
मॅसॅच्युसेट्सला राहतो, प्लिमथ जवळ आहे. 1621 ची ती मेजवानी, इंग्रज वसाहतवाल्यांची आणि तिथल्या मूळ रहिवाशांची, सगळ्यांना माहीत असते, पण त्या मूळच्या वाम्पानोआग लोकांचं पुढे काय झालं ते मुलांना सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं. 1970 पासून याच गुरुवारी ते लोक प्लिमथच्या कोल्स हिलवर जमतात, त्यांच्यासाठी हा शोकदिवस असतो. आम्ही मुलीला घेऊन गेलो होतो. थंडी मरणाची, पण ती शेवटपर्यंत उभी राहिली. आता जेवणाआधी ती त्यांचं नाव घेते, मग आम्ही ताटाला हात लावतो. मका, घेवडा, भोपळा ही त्या लोकांची पिकं. आपल्या घारग्यांतला लाल भोपळासुद्धा मूळचा याच खंडातला. पम्पकिन पायसाठी आणलेल्या भोपळ्याच्या गराचा डबा अर्धा उरतोच, त्यात गूळ विरघळवून कणीक-रवा भिजवा, किसायचं कामच नाही.

झिपरी:
हे घारगे नक्की करणार. एक विचारायचं होतं, पहिल्यांदाच टर्की आणतेय, 16 पौंडांची, गोठलेली. बुधवारी रात्री बाहेर काढली तर चालेल?

वाफाळ:
@झिपरी नाही गं बाई! रविवारीच फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये घे, खाली ताट ठेवून. साधारण चार-पाच पौंडांना एक दिवस लागतो. ओट्यावर ठेवून वितळवू नकोस. आणि थर्मामीटर घेच, मांडीत आणि छातीत जाड भागात 165 फॅरनहाइट आलं की झालं. जेवण झाल्यावर गप्पांत ताटं तशीच राहतात, दोन तासांच्या आत सगळं फ्रीजमध्ये. तीन-चार दिवसांत संपवायचं, बाकी फ्रीजर.

झिपरी:
दादा खूप आभार, स्क्रीनशॉट काढला.

ओलीहळद:
कोणी क्रॅनबेरीच्या लोणच्याचं कसं नाही लिहिलं?? डब्यातला सॉस आमच्याकडे कोणी खात नाही, ताज्या क्रॅनबेरीचं लोणचं मात्र नाताळापर्यंत पुरत नाही. धुऊन फडक्यावर पूर्ण कोरड्या करायच्या, प्रत्येकीचे दोन तुकडे. मीठ-हळद लावून तासभर. मग लोणच्याचा मसाला, मूठभर गूळ, वरून गार केलेली हिंग-मोहरीची फोडणी. कैरीइतकीच आंबट. टर्कीच्या सँडविचमध्ये घालून बघा, ऑफिसातले लोक बरण्या मागतात.

मॅपलचं_पान:
तयार मसाला संपलाय, घरी करायचा तर मोहरीची डाळ कुठे मिळते? इथल्या देशी दुकानात नाहीये.

ओलीहळद:
पिवळी मोहरी मिक्सरला एकदाच फिरवून सालं पाखडून टाक. लाल तिखट आणि मेथी घरात असेलच. बरणी काचेची घे.